डाव्या डोळ्यातलं धुकं

चर्चच्या तळघरात, जिथे एरवी
शनिवारी बीन्सचं जेवण असतं,
तिथे आज पडद्याआड एक खाट, एक मशीन
आणि हॅलिफॅक्सहून आलेली मुलगी, कोरीन.

एल्डनला मीच ओढून आणलं.
चाळीस वर्षं लॉबस्टरच्या होडीवर,
आणि तितकीच सिगारेटवर.
जन्मात कुणाला मान दिला नाही यानं,
आज मान दिली, तीही कुरकुरत,
गार जेलला शिवी हासडून.

मशीनमधून आवाज आला,
हुश्श, हुश्श,
भरतीचं पाणी धक्क्याच्या लाकडांखालून जातं तसा.
"वयाच्या मानानं छानच," कोरीन म्हणाली.
हा उठला, जणू शर्यत जिंकल्यासारखा,
आणि कॉफीकडे गेला.

म्युरियल आयसनॉर आलीच नव्हती.
तिची वेळ रिकामी, म्हणून मी आडवी झाले.
फुकट कशाला घालवा.
उजवीकडे तेच, हुश्श, हुश्श.
डावीकडे मात्र पाणी
अरुंद खाचेतून शिरलं,
शीळ घालत, घाईघाईनं.
कोरीनचा हात थांबला.
परत तिथेच आला. परत.

"डोळ्यापुढे कधी अंधारी?"
"नाही."
मग आठवलं.
जूनमध्ये, कपडे वाळत घालताना
डाव्या डोळ्यावर, वरून खाली,
करडी चादर उतरली होती.
चिमटा दातांत धरून मी तशीच उभी.
दोन-तीन मिनिटांत गेली.
परवा पुन्हा, बटाटे सोलताना.
इथे धुक्याची तक्रार कोण करतं?
खाडीतून येतं, जातं.
स्वयंपाकघरात, एकाच डोळ्यात आलं,
तरी मी म्हटलं, धुकंच.

कोरीननं टाइप करणं सोडून फोन उचलला.
"उद्या नाही," म्हणाली, "आत्ताच निघा."

एल्डन माझा कोट घेऊन उभा.
एकावन्न वर्षांत पहिल्यांदा
माझा कोट त्याच्या हातात,
उलटा धरलेला.

गाडीत एकदाच बोलला,
"खरं तर हे माझ्या मानेत असायला हवं होतं."
"हो," मी म्हटलं, "हवंच होतं."
मग दोघंही हसलो, थोडंसं.

रस्त्यावर दाटून आलंय.
मी उजवा डोळा मिटून पाहते,
मग डावा.
दोन्हींत सारखंच.
बाहेरचंच आहे.
तरी पुन्हा एकदा,
उजवा मिटून.