धोपाव्याच्या धक्क्यापर्यंत

दाभोळला फेरीबोटीची फळी वर उचलली
तेव्हाही ते भांडतच होते.
दोन मोटरसायकली, रिकाम्या खोक्यांचा एक टेम्पो,
कुणाची तरी शेळी, आणि आम्ही तेराजण,
गुहागरच्या कॉलेजचा बेसबॉल संघ,
दापोलीत एका रनाने हरलेला.

भुवड म्हणाला, मारायचाच होता.
पिचर दमलेला, खांदा पडलेला त्याचा,
चेंडू येत होता ताटात वाढल्यासारखा.
पहिल्यावर एक, दुसऱ्यावर एक, आउट कोणी नाही,
शेवटची इनिंग,
आणि हा बंट करतो!
पंगतीत बसून उपास धरलास रे तू.

मुबीन होडेकर पाण्याकडे बघत होता.
बंट बरोबर होता, म्हणाला, पुढचे दोघे चुकले.
मी तिसऱ्यावर उभा, घर नव्वद फुटांवर.
पाटण्याचा झेल जरा लांब उडाला असता,
तुळाजीने नुसती बॅट लावली असती,
तरी मी आलो असतो.
असता, असती, भुवड म्हणाला,
त्या भावाने बाजारात बांगडासुद्धा मिळत नाही.

मग पाटणे चिडला, तुळाजी चिडला,
कोणी मागच्या वर्षीची सावर्ड्याची मॅच काढली,
कोणी म्हणालं, सातव्या नंबरवाल्याला मारायला सांगणं
म्हणजे ओहोटीत होडी लोटणं.
सातवा नंबर मीच.
मी शेळीपाशी उभा होतो.

तिकिटं फाडणारा खलाशी मध्येच थांबला.
बंट म्हंजे काय वो?
विघ्नेशने छत्री आडवी धरून दाखवलं:
एक हात मुठीशी, दुसरा सरकत वर,
चेंडू मारायचा नाही, नुसता ऐकून घ्यायचा,
म्हणजे तो पायाशीच मरतो.
बाकीचे पुढे सरकतात.
आनि तुमी?
आउट.
मुद्दाम?
मुद्दाम.
मंग तुमचा हिस्सा किती?

कोणी बोललं नाही.
कारण वहीत ती पाळी धरतच नाहीत,
मारलं नाही, चुकलंही नाही,
जणू तो गडी त्या वेळी
आलाच नव्हता मैदानात.
खलाशी हसला आणि इंजिनाकडे गेला.

तेव्हा गुरव सर उठले.
आमच्या लायब्ररीचे सर. तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली
स्कोअरची वही त्यांच्या काखेत.
खूण मी केली, म्हणाले. टोपी, कोपर, पट्टा.
पुन्हा वेळ आली तर पुन्हा करेन.
चुकलं असेल तर माझं. आता विषय पुरे.

विषय पुरा झाला नाही अर्थात,
फक्त आवाज खाली आले
आणि भुवड सरांवर घसरला, दबक्या आवाजात,
पुस्तकांवरची धूळ झटकणारा माणूस, त्याला काय कळतंय.

सरांनी टोपीला हात लावला होता.
कोपरालाही.
मग हात खिशात गेला, पेन्सिल शोधत,
आणि खिशातच राहिला.
पट्टा नव्हताच.
मी बघत होतो. नीट बघत होतो.
पहिला चेंडू कानाजवळून गेला होता,
जांभ्याची लाल धूळ उडवत,
आणि दुसरा सुटायच्या आधीच
माझा हात बॅटवर वर सरकला,
आपला आपण,
विस्तवावरून मागे यावा तसा.

तिन्हीसांज झाली. धोपाव्याचे दोन दिवे लागले.
फळी धाडकन पडली, टेम्पो सुरू झाला,
शेळी उतरेना, तिला मी ढकलली.
सर मागून आले, वही दुसऱ्या काखेत घेत,
माझ्याकडे न बघता म्हणाले,
उद्या साडेसहाला ये. हेल्मेट आण.
फक्त मारायचं.

वर रस्त्यावर भुवडचं चालूच होतं.
अजून सांगतो, मारायचाच होता.
हो, मी म्हणालो.
तो चालता चालता थांबला,
माझ्याकडे बघत राहिला,
मग पुढे निघाला, गप्प,
पहिल्यांदाच.