सदर पिक्चरचा पंचनामा

मुजीबभाई, काल रात्री पुन्हा पाह्यला.
अकरावी वेळ. का बारावी.
पुतण्यानं मोबाईलवर लावून दिला,
लंडनचं धुकं माझ्या तळहाताएवढं.
तुमच्या टॉकीजात ते पहिल्या तीन रांगांवर उतरायचं,
आणि खालून बिड्यांचा धूर वर जाऊन
त्याला मिळायचा.

पुन्हा तेच हो.
बाहेर मुसळधार, छत्री नाही,
आणि खुनी जिना चढतो कोरड्या बुटांनी.
हार घालतो डाव्या खिशात, सापडतो उजव्या.
टेलिफोनची तार कापतो आपल्या डोळ्यांदेखत,
पुढच्या रिळात तोच फोन वाजतो.
बाई उचलते. हॅलो म्हणते.
आणि ती नऊ चाळीसची गाडी!
गाडी नऊ चाळीसला सुटली, म्हणून हा निर्दोष.
सेलूच्या फलाटावर काचीगुड्याच्या गाडीनं
मला जे शिकवलं,
ते त्या लांब कोटवाल्या साहेबाला
कुणीच कसं शिकवलं नाही?
स्टेशनात जाऊन एकदा इचार ना बाबा.

तुम्ही म्हणायचे, हवालदार, रीळ तुटलं होतं,
मीच चिकटवलं, चार फूट माझ्या कात्रीत गेलं.
मी कैक वर्षं ते धरून बसलो.
बुटांचा चिखल, तारेचा सांधा, फलाटावरची चौकशी,
सगळं तुमच्या केबिनीत पत्र्याच्या डब्यात पडलेलं असंल.
मग सीडी आली. एक फूट कमी नाही.
भोकं त्यांचीच.

काका, मग फालतूच आहे की पिक्चर,
पुतण्या म्हणला.
मी त्याला चहा ठेवायला लावला.

एकतीस वर्षं रायटर होतो मी.
सदर इसम, सदर ठिकाणी, सदर वेळी.
माझ्या कागदाला भोक नसायचं.
पाऊस असला तर बूट ओले.
नसले, तर मी लिहायचो ओले.
पंच ठरलेले, पानटपरीचा दळवे अन् सायकलवाला हबीब,
सह्या आधी, मजकूर मागून.
साहेब म्हणायचे,
गिराम, तुमच्या पंचनाम्यातून पाणी गळत नाही.

ब्याऐंशीचा एप्रिल. जिनिंगचा गल्ला फुटला
शुक्रवारी रात्री, पहाटे आम्ही लिंबाजी हमालाला उचलला.
तो म्हणला, मी टॉकीजात होतो, दुसऱ्या शोला.
इंग्रजी पिक्चर? तुला?
म्हणला, पंख्याखाली बसायला गेलो साहेब.
काय पाह्यलंस, सांग.
खाली बघत म्हणला,
एक माणूस फोनची तार तोडतो.
मग फोन वाजतो.

अख्खं ठाणं हसलं.
सर्वांत मोठ्यानं मी.
इंग्रजांच्या पिक्चरात असली चूक?
वळणदार अक्षरात लिहिलं:
आरोपीने सांगितलेली सबब खोटी व अशक्य आहे.

पिक्चर शुक्रवारीच लागला होता तुमच्याकडं.
मी गेलो रविवारी, वर्दीवर, फुकट, बाल्कनीत.
तार कापली.
फोन वाजला.
आजूबाजूला लोक शेंगा सोलत होते,
कुणाला काही वाटलं नाही.

सोमवारी कागद कोर्टात गेला. मीच नेला.
दीड वर्ष.
सुटल्यावर तो हिंगोलीकडं गेला म्हणतात,
कुणी म्हणतं निजामाबादला.
मी इचारलं नाही. फलाट माझ्या घरापासून
तीनशे पावलांवर आहे.

टॉकीजाच्या जागी आता मंगल कार्यालय झालं, तुम्हाला माहीतच आहे.
काल त्या तारेच्या सीनला
मी आवाज अगदी बारीक केला.
तरी वाजला.
बाईनं उचलला, हॅलो म्हणाली, ऐकत राह्यली, ठेवला.

आणि मुजीबभाई, हे एवढ्या वर्षांत
कालच ध्यानात आलं:
फोन कुणाचा होता,
ते शेवटपर्यंत सांगतच नाहीत.