उलटा बाण

सहा वाजता शिडी लावतो.
ऊन काचेवर चढायच्या आत पाणी मारायचं,
तापल्या काचेला गार पाणी सोसत नाही.
हे कंपनीच्या माणसाने सांगितलं.
कंदिलाच्या काचेबद्दल आईने
फार आधी सांगून ठेवलं होतं.

तीनशे बारा पॅनेल. फिजिक्सची अख्खी गच्ची.
दक्षिणेला पाय करू नयेत म्हणतात,
यांचं तर तोंड, पोट, सगळंच दक्षिणेला,
थेट पर्वतीसमोर पसरलेलं.
रात्रीत मेट्रोच्या कामाची धूळ बसते
आणि कबुतरं आपलं काम करून जातात.
त्यांना अनुदान लागत नाही.

कोपऱ्यात एक पवनचक्की आहे, पुरुषभर उंच.
उद्घाटनाला वारा आला नाही.
खाली पाहुणे, नारळ फुटलेला,
टिल्लू मॅडम मान वर करून माझ्याकडे बघतायत
आणि मी टाकीआड बांबू घेऊन.
मग फिरली. टाळ्या वाजल्या.
त्यानंतर ती आपणहून दोनदाच फिरली,
एकदा वळवात,
एकदा कुणी बघत नसताना.
मी बघत होतो, पण मला कोण विचारतंय.

मेसमागे गॅसची टाकी.
तिला उरलेला भात आवडतो,
लिंबाची सालं घातली की तीन दिवस रुसते.
पोरं हसतात, खिलारेमामा गंमत करतात म्हणून.

दिवाळीत कॉलेज बंद. पंखे गप्प.
मी, गेटवरचा वॉचमन,
आणि गावी न गेलेली लातूरची नागेश्वरी,
मांडीवर वही, मीटरसमोर उकिडवी.
मामा, हे बघा, बाण उलटा झाला.
म्हणजे काय गं?
म्हणजे आपल्याला नको असलेली वीज बाहेर चालली.
कुठं?
लांब नाही जात ती.
तारेवर जवळ जो भुकेला असेल, त्याच्याकडे.

गच्चीवर जाऊन पाहिलं.
भिंत. भिंतीपलीकडे कालवा.
कालव्यापलीकडे पत्रेच पत्रे,
त्यातला निळा, टायर ठेवलेला, माझा.
लक्ष्मीपूजनाचा दिवस, दुपारचे बारा,
मंगलने पुरणाची डाळ मिक्सरला लावली असेल.
सकाळी मी पुसलेल्या काचेवरचं ऊन
भिंत ओलांडून
माझ्याआधी माझ्या घरी पोचलं होतं.

महिनाअखेरीस बिल आलं. पूर्ण.
नागेश्वरीने वहीत आकडे मांडून दाखवले,
वजावट कुणाला, का, कोणत्या कलमाने.
मला समजलं.
मंगलला काही सांगितलं नाही,
तिने डबीतून पैसे मोजून दिले
आणि मिक्सर जुना झालाय, म्हणाली.

अलीकडे कालव्याकडची शेवटची रांग
जरा जास्त वेळ पुसतो.
मामा, विजेला असलं काही कळत नाही,
पोरगी म्हणते.
ते मलाही माहीत आहे.
फडकं पिळतो,
पुन्हा एकदा फिरवतो.