कुशीपुरतं

लिलाव संपला होता. हर्णैच्या धक्क्यावर
बर्फाचं पाणी पायांखालून समुद्राकडे निघालेलं.
सुगंधा चोगलेच्या काट्यावर
मी माझं नवं अंथरूण ठेवलं.
"चारशे वीस," ती म्हणाली. "आणि ह्यात म्हावरं किती?"
म्हावरं नाही गं, हवा भरायची असते.
"हवेचे पैसे दिलेस?"
दिले. साडेपाच हजार.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
कल्ला उघडून पापलेट पाहावं तसं.

केळशी ते जयगड. सहा दिवस,
तीन खाड्या, त्यातल्या दोन बोटीनं,
आणि पाठीवर सगळं धरून सात किलो.
हा हिशोब केला तेव्हा
बावन्न वर्षांच्या डाव्या खुब्याला
कुणी मतदानाला बोलावलं नव्हतं.

त्याआधी फोमची घडी आणली होती,
अंड्यांच्या ट्रेसारखी, खळग्याखळग्यांची.
ती फुटत नाही, फुगत नाही,
काटेरी झुडपावर टाका, तक्रार नाही.
सरळ स्वभावाची.
सरळ स्वभावाच्या माणसाशेजारी जे होतं
तेच झालं:
पहाटे तीनला अंग ठणकायला लागलं.

म्हणून ही हवेची.
बावीस फुंका, मग जरा घेरी, मग ऐट.
कूस बदलली की पापडाच्या डब्यात झोपल्यासारखा आवाज.
पण मऊ. इतकी मऊ की
आंजर्ल्याच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या पाठीवर
मी भरतीला झोपले
आणि ओहोटीला जागी झाले:
खुबा जांभ्याला टेकलेला,
गाळात होडी बसावी तसा.
जवळच कुठेतरी बारीक सुस्कारा चालू होता.
तो माझा नव्हता.

अय्यूबभाई मुकादम सायकलींची पंक्चरं काढतात,
त्याआधी अठरा वर्षं बोटीवर खलाशी.
घमेल्यात एकेक कोपरा बुडवत त्यांनी
बुडबुड्यांची रांग शोधली,
करवंदीच्या काट्याचं टोक चिमटीत धरून दाखवलं.
ठिगळ लावलं. पैसे घेतले नाहीत. म्हणाले,
"बोटीवर आम्ही काय घ्यायचो ठाऊक आहे?
जाळ्याची घडी. खांद्याखाली एक, खुब्याखाली एक.
झोपेत माणूस दोनच ठिकाणी असतो.
बाकीचा नुसता सोबत आलेला."

संध्याकाळी त्यांनी मला ओल्या वाळूवर
कुशीवर पडायला सांगितलं
आणि स्वतः पाठ करून उभे राहिले, संकोचानं असेल,
मुरुडकडे बघत.
उठले तर वाळूत मी होते:
दोन खोल खळगे, मधे कंबरेचा पूल,
पाय तर जवळजवळ उमटलेच नव्हते.
खळग्यांत पाणी झिरपू लागलं.
गळाच्या दोरीनं भराभर माप घेतलं
पुढची लाट यायच्या आत.

मग फोमची घडी कोयतीनं कापली.
गुडघ्यांखालचं सगळं गेलं,
खुब्यापाशी एक थर जास्त.
दोनशे सत्तर.
उरलेला तुकडा सुगंधानं पळवला, लिलावाला बसायला.
"ओला होत नाही," म्हणाली. तेवढीच तारीफ.

वाटेत काय झालं ते थोडक्यात:
वेळणेश्वरला बरी झोप लागली.
तवसाळच्या आधी एक रात्र अजिबात नाही.
पाय सॅकवर, सॅकमधे ओले कपडे,
डास, आणि दूर एका ट्रॉलरचा दिवा
जो जागचा हलत नव्हता.
खुबा दुखला. पण मधूनमधून,
विचारून दुखल्यासारखा.

सातव्या दिवशी पुन्हा काटा.
"तीनशे दहा," सुगंधा म्हणाली. "चाळीस वाढलंय गं."
तिनं घडी उलटी धरून आपटली.
खळग्याखळग्यातून वाळू सांडली,
सहा पुळणींची, काळी, तांबूस, कण्यांसारखी जाड,
आणि बर्फाच्या पाण्याबरोबर
धक्क्याच्या कडेकडे निघाली.
"वाळूचे धरत नाही," ती म्हणाली,
आणि बांगड्यांची पाटी काट्यावर ओढली.