खोंखा

रास अल खैमात नदी नाही.
खोर आहे, म्हणजे आपली खाडी,
शहराच्या पोटात शिरलेली, तिवरांच्या मुळांशी थबकलेली.
"चालेल," रुंगनपा म्हणाली,
"पाण्याला पाणी ओळखतं."

रुंगनपा धरून स्पामधल्या सहाजणी, किचनमधला सोमसाक
आणि मी, लाँड्रीतला,
कारण मला पान टाचता येतं.
कँटीनमध्ये एकदा पराठ्याखालचा कागद दुमडून
मी द्रोण केला होता,
हात रिकामे असले की करतो तसा.
तिनं ते लक्षात ठेवलेलं.

केळीचं पान मल्याळी दुकानातलं,
बर्फात गोठलेलं, सहा दिरहमला पुडकं.
इस्त्रीच्या वाफेवर धरलं तेव्हा कुठे वाकलं.
चोयांऐवजी टूथपिक.
केळीचं खोड मिळेना, म्हणून बुडाला शिळ्या पावाची जाड चकती.
"मासे खातील," सोमसाक म्हणाला, "त्यांचीही पौर्णिमा."

मग नेलकटर हातोहात फिरलं.
नखं, केसांची एखादी बट,
वर्षभराचं साचलेलं त्यांच्याबरोबर जातं म्हणे.
रात्री नखं काढू नयेत, एवढंच मला ठाऊक.
तरी काढली. करंगळीचं तेवढं ठेवलं,
सगळंच कशाला पाठवा.
नाणं नव्हतं. खिशात एक बटण होतं;
इस्त्रीखाली सुटतात, कुणाकुणाच्या शर्टांची,
शोधेपर्यंत माणूस विमानात बसलेला असतो.
बरणी भरलीय माझी.

पण मुख्य काम, ती म्हणाली, माफी मागायची.
कुणाची?
"मे खोंखा. पाण्याची आई."
तिनं दोनदा म्हटलं.
तिसऱ्यांदा मी म्हणून पाहिलं आणि जिभेला ओळख पटली:
पहिला तांब्या अंगावर घेताना
वडील कुडकुडत जिचं नाव घ्यायचे, तीच ही.
इतक्या लांबून जाऊन, अक्षरं झिजवून,
दुसऱ्याच वाटेनं इथे आलेली.
मी कुणाला काही सांगितलं नाही.

त्यांचं मागणं थाईत होतं.
माझी यादी मराठीत:
रोज सहाशे चादरी, टॉवेल वेगळे,
एका डागासाठी दोनदा फिरवलेलं मशीन,
समुद्रातलं मीठ काढून आणलेलं पाणी
आणि त्यात मी ओतलेला साबण.
बाई, माझा नाइलाज, असं म्हणणार होतो.
म्हटलं नाही.
माफीत नाइलाज घालायचा नसतो बहुधा.

आठ दिवे सोडले.
काठावर मोफिज उभा, लांब दांड्याची जाळी घेऊन.
"अकरापर्यंत, दादा. मग मला काढावे लागतात."

दिवे पुलापर्यंत गेले.
तिच्या गावी, नान नदीवर, गेलेला दिवा परत दिसत नाही.
इथे पाणी क्षणभर उभं राहिलं.
मी खाडीकाठचा, मला कळलं,
तिला नाही.
मग एकेक ज्योत वळली आणि आमच्याकडे यायला लागली.
"परत?" रुंगनपाचा चेहरा उतरला. "नखंसुद्धा?"
"भरती लागली," मी म्हटलं.
याहून शहाणं काही सुचेना.

तीन दिवे वाटेतच बुडाले, खालून कुणीतरी ओढल्यासारखे.
माझा पायरीला टेकला.
वात विझलेली, पाव कुरतडलेला,
बटण नव्हतं.
मोफिजनं जाळी घातली.

सकाळी सहाला पहिलं मशीन लावलं.
पाणी आत शिरतानाचा तो आवाज.
झाकणावर हात ठेवून थोडा थांबलो.
करंगळीचं नख
काचेवर जरासं वाजलं.