माझी वीत

नारळी पौर्णिमेला बावीस दिवस.
हिंगळाई माहुलच्या किनाऱ्यावर, ओंडक्यांवर टेकलेली,
पोट कोरडं, ताडपत्रीखालचं ऊनही निळं.
मागे रिफायनरीची ज्योत भरदिवसा जळते
आणि मी जुनी वायर ओढून काढते,
पाच वर्षांपूर्वीची, घरातल्या पंख्याची,
बाबाने स्वतः घातलेली.
कापली तर आत तांबं नाही,
हिरवी भुकटी.
मीठ बाहेरून चावत नाही.
वातीतल्या तेलासारखं धाग्याधाग्यातून वर चढतं,
वरचं रबर मात्र नवं कोरं.

बाबा बघतो. म्हणतो, दिवा तर लागत होता गो.

लागत होता.
हरबाकाकाच्या होडीवरही लागत होता
खांदेरीच्या पलीकडे, थंडीतल्या त्या रात्री.
फळीमागे घासून घासून सोललेली वायर,
बॅटरी आणि आग यांच्या मध्ये कोणीच नाही.
डिझेलपर्यंत पोचायला तिला वेळ लागला नाही.
काका पोहत राहिला, वाचला.
आता चेंबूरला शहाळी विकतो,
विडी दुसऱ्याकडून पेटवून घेतो.

म्हणून आधी फ्यूज.
बॅटरीच्या प्लसपासून सात इंचांच्या आत,
आयटीआयचे देवरुखकर सर टेबलावर पट्टी आपटून सांगायचे.
बाबा दर्या वावेने मोजतो, जाळ्याचा आस बोटांनी.
त्याने वीत टाकली: नऊ भरली.
मी त्याचा हात बाजूला केला,
माझा ठेवला.
अंगठ्याशी प्लस, करंगळीशी फ्यूज.

नवी वायर लोहार चाळीतून आणली, कथिलाचा मुलामा असलेली.
भाव ऐकून बाबाने तिचे बोंबील केले:
दोन टोपल्या. अडीच. मग गप्प.
लग दाबते आणि ओढून बघते, सगळा जीव लावून,
सुटायचा तर इथेच सुटू दे.
बॅटरीला पट्ट्याने आवळते, खोक्याला वरून भोकं पाडते,
चार्ज होताना ती श्वास सोडते
आणि तो श्वास कोंडून ठेवायचा नसतो.
वायर पेटीत शिरण्याआधी तिला खाली झोळ देते,
म्हणजे अंगावरून ओघळलेलं पाणी
झोळाच्या तळाशी थेंब होऊन पडतं,
दारातूनच परत जातं.

फ्यूज उडाला तर तंबाखूच्या पुडीची चांदी लावू, बाबा म्हणतो.
नाही.
उडालेला फ्यूज म्हणजे कोणीतरी ओरडलंय,
आधी बघ कुठे दुखतंय.
जादाचे सहा झाकणाच्या आत चिकटवलेत, हात घाल, सापडतील.
अंधारात कोणती वायर कशाची, कसं कळणार?
नावं लिहीन.
दर्यावर कोण वाचत बसतंय?

तेव्हा प्रत्येक वायरीवर पांढरी पट्टी,
पट्टीवर मासा.
नाळेवरचे दिवे, डावा तांबडा, उजवा हिरवा: दोन सुरमया.
डोलकाठीचा पांढरा: पापलेट.
पाणी उपसायचा पंप: चिंबोरी, कारण ती तळाला असते.
बाबाने पापलेट बघितलं.
शेपूट अशी असते का?
पेन घेतलं, माझं पापलेट खोडलं,
दोन रेघांत दुसरं काढलं,
बाजारात मांडलं असतं तर कोणी हात लावून बघितलं असतं.
मग सुरमया. मग न सांगता चिंबोरी, तिच्या दहाही पायांसकट.

पंपाची वायर मुख्य स्विचच्या अलीकडून घेतली,
तिच्या स्वतःच्या फ्यूजमधून,
सगळं बंद करून आम्ही घरी निजलो
तरी चिंबोरी जागी.

संध्याकाळी कोठ्यात दोन बादल्या पाणी ओतलं.
तरंगतं बटण उचललं गेलं,
खाली काहीतरी गुरगुरलं
आणि होडीच्या बाजूने धार सुटली, चिखलात.
बाबाने धारेखाली हात धरला, बराच वेळ.
बरी आहे म्हणाला नाही.

मी ताडपत्रीची दोरी बांधत होते.
त्याला वाटलं माझं लक्ष नाही.
वाकून त्याने अंगठा प्लसपाशी टेकवला, पंजा ताणला,
करंगळी फ्यूजच्या पुढे गेली.
मग तिचं एक पेर दुमडलं.
थोडं अजून.
तिथे थांबला.