किती विड्या

निपाणीत तेव्हा घड्याळं मोजकीच:
वखारीच्या शेटकडं एक, पोस्टात एक,
आणि एक बेनाडीकर डॉक्टरणीच्या मनगटावर.

बायका यायच्या तंबाखूच्या खाटासकट.
बाई आधी त्यांचे हात धुवायच्या, कोपरापर्यंत, स्वतः,
पोराच्या डोळ्यात जर्दा जाऊ नये म्हणून.
"कळा किती वेळानं येतायत?"
"येत्यात की बाई, येत्यात."
वेळ मुकादमाला ठाऊक.

माझ्या वेळेला माझी आई, सुंद्रा,
टेबलावर आडवी, डोळे मिटलेले,
आणि बोटं रिकाम्या हवेत वळीत होती:
पान, जर्दा, गुंडाळ, टोक दाब, दोरा.
बाईंनी काट्याकडं पाहिलं, मग बोटांकडं,
परत काट्याकडं.
मिरजेला शिकवलं होतं त्यात हे नव्हतं.

तिथून पुढं दवाखान्यात पहिला प्रश्न हाच:
"दोन कळांच्या मधी किती विड्या होतात गं?"
हुक्केरीकडची असली तर, "एष्टु बीडि?"
वीस म्हटलं की घरी जा, भाकरी खा.
दहा, तर वऱ्हांड्यात बस.
चार म्हटलं की बाई पदर खोचायच्या.
एकजण फाटकातनंच ओरडली, "अर्धीच!"
तिला बैलगाडीतच मोकळी केली.
बैल शहाणे, हलले नाहीत.

मग पाट्यांना डांबर फासायचे दिवस आले.
आमची पाटी एकदा ह्यांनी काळी केली, एकदा त्यांनी.
बाईंनी पुसली नाही, खाली कंदील टांगला.
"अडलेली बाई पाटी वाचत येते व्हय?"

वहीत जन्मवेळ घड्याळाची, शाईनं.
समासात पेन्सिलीनं विड्यांचा आकडा.
माझ्यापुढं आहे: सात, तीन, दोन,
आणि मग नुसतं, बोटं थांबली.

ती वही आता माझ्याकडं असते.

शेवटी शेवटी बाईंचा श्वास अडकत यायचा.
आई उशाशी. मांडीवरचं सूप सुटून बारा वर्षं झालेली,
बोटं चाललेलीच.
नवा डॉक्टर, कोवळा, मनगट वर करून म्हणाला,
"दोन श्वासांच्या मधे किती जातंय?"
आई म्हणाली, "सकाळी अर्धी हुती.
आता एक पुरी."

त्याला कळलं नाही.
बाई हसल्या,
का तोंडच तसं झालं, सांगता येत नाही.
समासात मी काही लिहिलेलं नाही.